आजोबांच्या फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवलेले आहे. तिची नोंदणी पुन्हा वैध कशी करता येईल?

जुनी_अकराशे (प्रश्न):

माझ्या आजोबांनी घेतलेली फियाट ११०० डी ही मोटार त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे. तिची पहिली नोंदणी १९६९ मधील असून क्रमांक जुन्या पद्धतीचा, तीन अक्षरी आहे. आरसी बुकात इंधन पेट्रोल, सिलिंडर चार, क्षमता १०८९ सीसी आणि रंग पांढरा अशी नोंद आहे. प्रत्यक्षात मात्र नव्वदच्या दशकात, पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून, आजोबांनी तिच्यात दुसऱ्या कंपनीचे डिझेल इंजिन आणि त्याच इंजिनाचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसवून घेतला. पुढे टप्प्याटप्प्याने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर खाली आला, पुढचे सलग आसन जाऊन दोन स्वतंत्र आसने आली आणि मोटारीला गडद हिरवा रंग लागला. यांपैकी एकाही बदलाची नोंद पुस्तकात सापडत नाही. नोंदणीची मुदत बऱ्याच वर्षांपूर्वी संपली असून तेव्हापासून मोटार छपराखाली उभी आहे. पत्रा आणि तळ मात्र आश्चर्य वाटावे इतके चांगले आहेत. मूळचे पेट्रोल इंजिन आजोबांनी ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, तेही मिळाले आहे.

काही देशांत मान्यताप्राप्त अभियंता फेरफार केलेली मोटार तपासतो, प्रमाणपत्र देतो आणि त्या आधारे ती मोटार रस्त्यावर चालवण्यास वैध ठरते, असे मी वाचले आहे. आपल्याकडे तशी सोय आहे काय? डिझेल इंजिनाची नोंद आता करून घेता येईल काय? येत नसेल, तर यांपैकी कोणते बदल मागे घ्यावे लागतील आणि कोणते राहू देता येतील? मला ही मोटार प्रदर्शनात उभी करायची नसून घरच्यांना घेऊन अधूनमधून चालवायची आहे, आणि ती चालवताना कागद आणि मोटार यांत फरक असू नये एवढीच माझी इच्छा आहे.

वाहनविधी (उत्तर):

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सर्व त्यावर अवलंबून आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. हे शब्द २००० च्या दुरुस्ती कायद्याने आले. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात त्यांचा अर्थ स्पष्ट केला आणि राज्याच्या नियमांत बदलाला वाव दिसत असला, तरी मूळ कायद्याच्या विरोधात जाऊन तो वापरता येणार नाही, असे ठरवले. त्यामुळे पेट्रोल फियाटमध्ये दुसऱ्या निर्मात्याचे डिझेल इंजिन अशी नोंद आज नव्याने होणार नाही. कलम ५२ मध्ये इंधन बदलण्यासाठी जी सवलत आहे ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा पर्यायांच्या मंजूर रूपांतर संचांपुरती (किटपुरती) आहे. संपूर्ण इंजिन उचलून दुसरे बसवण्याला ती लागू पडत नाही. विजेवर चालणारे रूपांतरही कोणी सुचवील, पण त्यासाठी संच त्या नमुन्याच्या मोटारीकरिता अधिकृत चाचणी संस्थेकडून मंजूर झालेला असावा लागतो, आणि साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या मोटारीसाठी तसा संच मिळवणे फार अवघड आहे.

तरीही निर्णय घेण्यापूर्वी आजोबांचे सर्व कागद एकदा नीट चाळा, असे मी आग्रहाने सांगेन. २००० च्या दुरुस्तीपूर्वी कलम ५२ चे स्वरूप निराळे होते. त्या वेळी मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्याला बदलाची सूचना द्यायची आणि मंजुरी घ्यायची अशी रीत होती, आणि सूचना दिल्यानंतर सात दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर मंजुरी मिळाली असे मानले जात असे. तुमचे इंजिन नव्वदच्या दशकातले आहे. आजोबांनी त्या वेळी अर्ज दिला असेल आणि कार्यालयाच्या शिक्क्याची पोच कोठे जपून ठेवली असेल, तर प्रकरणाचा रंग पालटतो. पुस्तकाच्या मागच्या पानांवरील हाताने लिहिलेले शेरेही भिंग घेऊन वाचा. कित्येकदा इंधनाच्या रकान्यात काही बदललेले नसते, पण मागे कोपऱ्यात तारखेसह शेरा आणि सही असते.

तसा कागद नसेल, तर मूळ पेट्रोल इंजिन परत बसवणे हाच सरळ मार्ग आहे, आणि ते तुमच्याकडे आहे ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्यावरील क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी जुळत असेल, तर इंजिनाच्या बाबतीत नोंद बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. ते दुरुस्तीपलीकडे गेले असेल आणि त्याच जातीचे दुसरे इंजिन घ्यावे लागले, तर नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावा लागेल. अशा वेळी खरेदीची पावती, इंजिन कोणत्या मोटारीतून निघाले आणि त्या मोटारीची नोंदणी रद्द झाली आहे काय, याचा पुरावा हाताशी ठेवा. पावतीवर इंजिन क्रमांक नसेल, तर ती पावती निरुपयोगी समजा.

कोणते बदल मागे घ्यायचे हे ठरवण्यासाठी एक कसोटी वापरता येते. नोंदणी प्रमाणपत्रात शरीराचा प्रकार, सिलिंडरांची संख्या, क्षमता, इंधन, चाकांमधील अंतर, आसनक्षमता, रिकाम्या मोटारीचे वजन, रंग, चेसिस आणि इंजिन क्रमांक असे तपशील असतात. ज्या बदलाने यांपैकी काही खोटे ठरते, तो बदल धोक्याचा. छत कापणे, चेसिस लांबवणे, इंजिनाची जात बदलणे हे त्यात येतात. रंगाचे तसे नाही, कारण रंगबदल अर्ज करून आणि मोटार दाखवून नोंदवून घेता येतो. गिअरची दांडी कोठे आहे किंवा आसन सलग आहे की दोन तुकड्यांत, हे पुस्तकात लिहिलेले नसते. मात्र आसनक्षमतेचा आकडा कमी झाला असेल तर तो फरक ठरेल, म्हणून स्वतंत्र आसनांबाबत पुस्तकातील आकडा पाहा. नोंदीपलीकडचे बदल म्हणजे सर्व माफ, असा याचा अर्थ नाही. ‘बदल’ या शब्दाची व्याख्या कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतील फेरफार’ अशी आहे, आणि तपासणीच्या वेळी मोटार वाहन निरीक्षकाला सुरक्षिततेच्या दृष्टीने आक्षेप घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाने अनुज्ञेय नसलेला फेरफार केल्यास प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

खासगी अभियंत्याच्या प्रमाणपत्राविषयी विचारलेत. तशी व्यवस्था ऑस्ट्रेलियातील राज्यांत आहे आणि ती समंजस आहे असे माझे स्वतःचे मत आहे, कारण तिथे कोणी काम केले आणि कोणी तपासले याची जबाबदारी एका नावावर येते. आपल्याकडे चालू मोटारींच्या बाबतीत अंतिम शब्द नोंदणी प्राधिकाऱ्याचाच असतो. पुण्यातील एआरएआय किंवा मानेसरमधील आयकॅट या संस्था प्रामुख्याने निर्मात्यांचे नमुने आणि मंजुरीसाठी आलेले संच तपासतात. एकट्या मालकाने घरच्या मोटारीचे फेरफार घेऊन तिथे जाऊन पुस्तकातील नोंद बदलता येईल, अशी वाट त्यातून निघत नाही.

ग्रीस_आणि_पाना (उत्तर):

कायद्याचे वर आले आहे, मी फक्त मोटारीबद्दल लिहितो. पेट्रोल इंजिन परत बसवणे म्हणजे एक काढून दुसरे ठेवणे एवढेच समजून कोणी हे काम अंगावर घेत असेल, तर त्याला देऊ नका. सर्वांत मोठा धोका ब्रेकमध्ये लपलेला आहे आणि तो उभ्या मोटारीत दिसत नाही.

डिस्क ब्रेक बसवताना तुमच्या मोटारीला बहुधा व्हॅक्युम बूस्टर, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भागही बसवला गेला असेल, कारण ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या फिरण्यानेच लायनर आणखी घट्ट दाबला जातो, ती मदत डिस्कमध्ये मिळत नाही आणि पायाला जास्त जोर लावावा लागतो. बूस्टरला लागणारी हवेची पोकळी पेट्रोल इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातून मिळते. डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल नसल्याने तिथे वेगळा व्हॅक्युम पंप असतो, आणि तो पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीशी जोडलेला असतो. डिझेल इंजिन उतरवले की पंपही जातो. मग नळी नुसती बंद करून टाकली, तर पहिल्या उतारावर पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटेल आणि मोटार थांबणार नाही. ही नळी मॅनिफोल्डला, मध्ये एकदिशा झडप घालून, व्यवस्थित जोडली आहे हे स्वतः पाहा. इंजिन बंद करून पेडल काही वेळा दाबा, ते कडक होऊ द्या, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली बसले तर बूस्टर काम करतो आहे.

दुसरी गोष्ट मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाची. ड्रम ब्रेकसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. तीच नळी डिस्कला गेली, तर पॅड सतत घासत राहतात, तबकडी तापते आणि लांबच्या प्रवासात ब्रेक ढिले पडतात. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतील, तर दोन्हींकडे वेगळा विचार करून निवडलेला, दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर हवा. साठच्या दशकातील बहुतेक साध्या मोटारींत एकाच मार्गाचे तेल चारही चाकांना जात असे, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक गेले. हा एक बदल मूळ रूपापासून दूर नेणारा असला, तरी तो राखावा असे मला अगदी मनापासून वाटते. निरीक्षकाने विचारलेच, तर कोणते भाग कोणत्या मोटारीचे आहेत, काम कोणी केले आणि कधी केले याचा कागद आणि छायाचित्रे पुढे ठेवा. नीट जुळवलेल्या ब्रेकवर आक्षेप येण्यापेक्षा तुटपुंज्या, वेल्डिंग केलेल्या ब्रॅकेटवर आक्षेप येण्याची शक्यता अधिक आहे, आणि तो आक्षेप योग्यही असतो.

डिझेल इंजिन जड असते. त्याच्यासाठी पुढच्या स्प्रिंग बदलल्या किंवा खाली पॅकिंग घातले असेल, तर हलके इंजिन आल्यावर मोटारीचे नाक वर उचलले जाईल, चाकांचे कोन बिघडतील आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. ही फियाट मोनोकॉक बांधणीची आहे, तिला स्वतंत्र चेसिस नाही, त्यामुळे इंजिनाचे माउंटिंग जिथे वेल्ड केले असेल तिथला पत्रा आतून तपासा. वर्षानुवर्षे डिझेलच्या थरथरीने तिथे केसासारख्या चिरा पडतात. स्टिअरिंगमधील मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा जास्त नसावी असा नियमच आहे, पण इतकी ढिलाई असलेली मोटार मी तरी रस्त्यावर काढू देणार नाही. टाकी उतरवून धुवून घ्या, डिझेलची परतीची नळी काढा, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या, आजच्या इथेनॉलमिश्रित इंधनाला टिकणाऱ्या घ्या. जुन्या रबराला ते इंधन सोसत नाही आणि गळती नेमकी गरम इंजिनावर होते.

पीयूसीची भीती बाळगू नका. भारत स्टेज २ या प्रदूषण मानकापूर्वीच्या चारचाकी पेट्रोल मोटारींना निष्क्रिय गतीवर (मोटार उभी, इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम (दहा लाख भागांत १,५०० भाग) आहे. कार्ब्युरेटर स्वच्छ, टॅपेट बरोबर आणि इग्निशनची वेळ नीट असेल, तर हे इंजिन त्या मर्यादेत राहते.

जुनी_अकराशे:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गोणपाट सोडून इंजिनाचा क्रमांक पाहिला. तो पुस्तकाशी जुळतो. पोच किंवा शेरा मात्र मिळाला नाही. आता मूळ इंजिन बसवण्याचे निश्चित केले आहे. एक शंका राहते. मोटार ५० वर्षांहून जुनी असल्याने तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी, म्हणजे फेरफारांचे प्रश्न कोणी विचारणार नाही, असे एका परिचितांनी सुचवले आहे. हे बरोबर आहे काय?

संग्राहक (उत्तर):

तुमच्या परिचितांचा समज नेमका उलटा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जी व्हिंटेज नोंदणी आली, तिच्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली वाहने बसतात हे खरे. पण वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चेसिस, शरीर किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी, अशी अट त्या व्याख्येतच आहे. म्हणजे डिझेल इंजिनासह तुमची मोटार तिथे आधीच बाद ठरते. मूळ इंजिन बसवल्यावरही माउंटिंगसाठी कापलेला पत्रा आणि खाली आणलेला गिअर यांच्याकडे तपासणी करणारे बारकाईने पाहतील, आणि त्यांनी पाहावेच.

शिवाय व्हिंटेज नोंदणीचा उपयोग तुमच्या हेतूशी जुळत नाही. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तसेच इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरासाठी नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये असे त्याचे स्वरूप आहे. आधीपासून नोंदणी असलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखता येतो, नव्याने नोंदणी होणाऱ्याला ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. ज्याची मोटार जशीच्या तशी आहे आणि जो ती वर्षातून मोजक्या वेळीच बाहेर काढतो, त्याच्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. घरच्यांना घेऊन फिरायचे असेल, तर साधे नूतनीकरणच करा. त्याचे शुल्क मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपयांवर गेले. महाराष्ट्रात त्याखेरीज पर्यावरण कर असतो. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते.

विम्याच्या कागदात ‘व्हिंटेज’ शब्द दिसला तर त्याचा या नियमाशी संबंध लावू नका. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात व्हिंटेज म्हणजे १९४० अखेरपर्यंत बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली मोटार, अशी वेगळीच व्याख्या होती. तुमची १९६९ ची मोटार त्यात येत नाही. विमा घेताना डिस्क ब्रेक आणि गिअरबॉक्स यांची माहिती लेखी द्या आणि मोटारीचे मूल्य आधी ठरवून घेता येते काय ते विचारा, कारण साध्या घसारा पद्धतीने अशा मोटारीची किंमत जवळजवळ शून्यावर येते. फेरफार लपवून घेतलेला विमा अपघातानंतर वादात सापडतो, आणि तो वाद जखमी माणसाच्या नुकसानभरपाईपर्यंत पोहोचू शकतो. या एका कारणासाठी तरी काहीही लपवू नये.

वाहनविधी (उत्तर):

क्रमांक जुळला हे वाचून समाधान वाटले. आता क्रम सांभाळा. मोटार अजून आजोबांच्या नावावर असेल, तर आधी वारस म्हणून मालकी तुमच्या नावावर करून घ्यावी लागेल; त्यासाठी नमुना ३१ हा अर्ज (फॉर्म) आहे आणि कायद्याने दिलेली मुदत मृत्यूनंतर तीन महिन्यांची असल्याने विलंबाचे स्पष्टीकरण सोबत द्या. इतर वारस असतील तर त्यांची संमती लागेल. इतक्या जुन्या पुस्तकाची माहिती ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत बहुधा नसेल. कार्यालयात तिला बॅकलॉग नोंद म्हणतात आणि ती झाल्याशिवाय पुढचा कोणताही अर्ज स्वीकारला जात नाही. ती नोंद करताना चेसिस क्रमांकातील एक अक्षर चुकले, तरी पुढे फार त्रास होतो, म्हणून पडद्यावरील मजकूर पुस्तकाशी स्वतः ताडून पाहा. त्यानंतर रंगबदल आणि नमुना २५ मध्ये नूतनीकरण. इंजिनाचे काम पूर्ण होण्यापूर्वी मोटार तपासणीला नेऊ नका, आणि नेताना ती चालवत न नेता ट्रकवर चढवून न्या, कारण नोंदणी आणि विमा या दोहोंची मुदत संपलेली आहे.

चेसिस क्रमांकाची पट्टी रंगाखाली दबली असेल, तर ती खरवडू नका. रंग विरघळवणाऱ्या द्रवाने हळूहळू मोकळी करा; खरवडलेला क्रमांक पाहून संशय येणे स्वाभाविक आहे आणि तो संशय दूर करायला न्यायवैद्यक तपासणीपर्यंत जावे लागू शकते.

नूतनीकरण नाकारले गेले, तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कलम ४५ नुसार नकार देताना प्राधिकाऱ्याने आदेशाची प्रत कारणांसह अर्जदाराला द्यायची असते, आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येते. डिस्क ब्रेकवरच आक्षेप आला, तर आदेशात नेमका तोच भाग नमूद करून मागा; संपूर्ण मोटार ‘फेरफार केलेली’ असे मोघम लिहिलेले असेल, तर ना दुरुस्ती करता येते ना अपिलात मुद्दा मांडता येतो.